पेवात कंदील

पेवाचं तोंड उघडलं, की कुणी लगेच आत उतरत नसे.
आधी कंदील.
वडील मापाडी, तरी दोरी त्यांच्याच हातात देत.
हरिपूरच्या मातीत वीस फूट खाली ते कंदील सोडत
आणि काठावर उकिडवे बसून
हळदीकडे नाही, वातीकडे बघत.
वात बसली, की म्हणत, थांबा.
आतली हवा कुणालाच दिसलेली नसायची.
दिसायचं ते उजेडाचं दबणं.

पेवं पुढे पुरानं बुजली.
कंदील मात्र आठवला परवा, रात्री अडीचला,
गावभागातल्या माडीवर, इन्व्हर्टरच्या भरवशावर.
बाहेर आषाढ. आयर्विन पुलाखाली पाणी अठ्ठावीस फूट.
धनू रास ढगांच्या कुठल्या पोत्यात शिवलेली, कोण जाणे.
दक्षिण आफ्रिकेत आभाळ कोरडं होतं.
तिथल्या दुर्बिणीनं मोजलेला एक तारा
माझ्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यानं उतरत होता.
आधी सतरा दिवस तो चढला होता.
तारा तोच, तेवढाच;
त्याच्या आणि आपल्या मधून दुसरा एक चालला होता,
इतका मंद की नसल्यासारखा,
नुसत्या वजनानं मागचा उजेड वाकवून
आपल्या मापात चार दाणे जास्त टाकणारा.

आणि त्या उतारावर
एक उचकी.

ढग असेल. कॅमेऱ्याची खोट असेल.
चहा उकळला, गाळला, विसरले.
पहाटे पाचला चिलीत अंधार पडला,
तिथलाही पहिला ठिपका
वरच होता.

साडेसातला उचकी थांबली.
उतार पुन्हा गुळगुळीत, जसं काही झालंच नाही.
बाळगोंडा मगदूम, परवाना नंबर अजून तोंडपाठ,
गालाला दाढीचा साबण लावून माझ्या मागे उभे.
'काय तोललंस?'
ग्रह.
'कुठाय?'
दिसत नाही. दिसणारही नाही.
ताऱ्याबरोबर जाता जाता त्यानं उजेडाला
पाच तास कोपर मारलं, एवढंच.
'किती भरला?'

इथं माझी पंचाईत.
त्याचा तारा दहा हजार पोती धरला,
तर हा एक पोतं.
'आणि पोतं किती किलोचं?'
ते माहीत नाही.
ते हसले नाहीत. चाळीस वर्षं यार्डात काढलेला माणूस
असल्या गोष्टीला हसत नाही.
'म्हणजे धडा झाला,' म्हणाले, 'वजन राहिलं.'

मी सांगितलं, उचकी दुप्पट लांबली असती
तर वजन चौपट निघालं असतं.
'हा कसला काटा?'
घड्याळ, अण्णा. आमच्यात घड्याळानं तोलतात.
'मग पुन्हा तोल.'
पुन्हा नाही. ते दोन तारे एका रेषेत
आपल्यासाठी एकदाच आले.
आता सरकतायत एकमेकांपासून, केसाएवढे.
दहाएक वर्षांनी मधला वेगळा ओळखू येईल,
तो किती जड ते ठरेल,
मग पोत्याचे किलो.

दहा वर्षं.
अण्णांचं अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.
हा हिशोब दोघांनीही केला आणि
खिडकीबाहेर पाण्याकडे बघितलं.

मग त्यांनी कपाटातून जुनी तोलवही काढली,
हळदीचा वास अजून शिवणीत असलेली.
तारीख घातली.
माल: न पाहिलेला.
नग: एक.
काटा बघणार: मुलगी.
वजनाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही,
फक्त पट्टी धरून तो रकाना
बाकीच्यांपेक्षा जरा रुंद आखला.

गालावरचा साबण तोवर वाळून
खपली झाला होता.